आक्काच्या खांद्याचा तक्ता

माझ्या थोरल्या बहिणीचा उजवा हात खांद्याच्या रेषेवर येऊन थांबला. त्यापुढे गेला नाही. का गेला नाही, याचं कारण तिच्या गावात सगळ्यांना ठाऊक आहे: ऑपरेशननंतर ती आमच्या बाथरूममध्ये घसरली. हे कारण खोटं आहे. खरं कारण मी आहे, आणि ते मी पाच महिने कुणालाही सांगितलं नाही.

आक्का निफाड तालुक्यातल्या एका खेड्यात एकटी राहते. नवरा लवकर गेला, मूल झालं नाही. द्राक्षबागांत काम करणाऱ्या अठरा बायकांची टोळी तिच्या हाताखाली होती. छाटणीनंतर घड धरले की त्यातले जादा मणी बारीक कात्रीने काढून टाकावे लागतात, म्हणजे उरलेले फुगतात. पुस्तकात या कामाला विरळणी म्हणतात, बागेत सगळ्यांच्या तोंडी थिनिंग. घड मांडवाला डोक्याच्या वर लटकलेले असतात. त्यामुळे मान मागे, दोन्ही हात वर, आणि असं सकाळी आठपासून ऊन कलेपर्यंत. या टोळीची एक रीत आहे. मुकादम पहिल्या ओळीत उभी राहते. ती ज्या वेगाने पुढे सरकते त्या वेगाने बाकीच्यांनी सरकायचं. तिची ओळ संपली की सगळ्यांनी पाणी प्यायचं. मुकादमबाईने बांधावर बसून नुसते हुकूम सोडले, तर टोळी दोन दिवस ऐकते आणि तिसऱ्या दिवशी दुसरीचं ऐकायला लागते. आक्का वीस वर्षं पहिल्या ओळीत होती.

गेल्या हंगामाच्या शेवटी तिला स्वतःची वेणी घालता येईना. शेजारणीकडून घालून घ्यायची आणि कुणी विचारलं तर म्हणायची, "माहेरवाशीण झाले परत." मी तिला नाशिकला आणलं. डॉक्टरांनी एमआरआय बघून सांगितलं की खांद्यातल्या एका स्नायूची दोरी हाडापासून सुटलीय, दुर्बिणीतून शिवावी लागेल. पण दुखतं म्हणून महिनोन् महिने हात न उचलल्याने खांदा आखडलाही होता.

"आखडलेला खांदा शिवला तर तो आखडलेलाच राहतो," ते म्हणाले. "आधी सहा आठवडे व्यायाम करून मोकळा करून आणा."

आक्काने एकच प्रश्न विचारला. "थिनिंगपर्यंत हात वर जाईल ना?"

"कधी असतं ते?"

"दिवाळीच्या पुढंमागं."

डॉक्टरांनी बोटांवर महिने मोजले. "आधीचा आणि नंतरचा, दोन्ही व्यायाम नीट झाले तर जाईल. ऑपरेशन माझं तासाभराचं. बाकी सगळं तुमच्या घरचं."

घरचं म्हणजे माझं, हे मी तिथल्या तिथे, न विचारता ठरवून टाकलं. त्याला कारण होतं. मी दोन वर्षांचा असताना आई-वडील दोघंही कामावर जायचे, म्हणून आक्काला चौथीतून शाळा सोडावी लागली. तिने मला सांभाळलं. मी शिकलो, नाशिकला आलो, सिडकोत घर घेतलं. ती तिथेच राहिली. आमच्या घरात हे कुणी बोलून दाखवत नाही. मला वाटलं, आता फेडायची वेळ आली आणि काम तर माझ्याच हातातलं आहे.

हे हातातलं काम म्हणजे काय ते सांगायला हवं. मी एका लहान कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टर आहे. चोवीस वर्षं मापं घेतो. व्यास, खोली, कोन. फिजिओथेरपीच्या मॅडमनी पहिल्या दिवशी आक्काच्या खांद्याला प्लास्टिकची कोन मोजायची पट्टी लावली, तेव्हा मी म्हणालो, "मॅडम, तुमचा मध्यबिंदू जरा सरकलाय."

मॅडम जेमतेम सत्तावीस-अठ्ठावीसच्या. त्यांनी पट्टीकडे बघितलं आणि हसल्या. "काका, तुम्ही माझ्याकडे कामाला या." मग आक्काला म्हणाल्या, "मावशी, तुमचे भाऊ असे असतील तर मला काळजी नाही."

त्यांनी तशीच एक पट्टी मला दिली आणि एक छापील तक्ता दिला. तारीख, वेळ, किती वेळा केलं, किती अंश झाले, शेरा. दिवसातून तीन वेळा. मी तो फ्रिजच्या दारावर चिकटवला.

ऑपरेशनआधीचे ते सहा आठवडे मला आठवतात, कारण त्यातला एकही आकडा खोटा नाही. व्यायाम आक्का स्वतः करायची. दाराच्या वर एक कप्पी ठोकली होती, तिच्यावरून दोरी. डाव्या हाताने दोरी खाली ओढायची की उजवा वर जायचा. सकाळी मी पेपर वाचत असताना कप्पीचा कुईकुई आवाज यायचा. दुखलं की ती शिव्या द्यायची, पण कुणाला ते समजायचं नाही.

"कुणाला बोलताय आक्का?" माझी बायको स्वयंपाकघरातून विचारायची.

"ह्या दोरीच्या आईला."

नव्वदावरून ती एकशे पंचावन्नपर्यंत आली. मी मोजलं, दोनदा मोजलं, मगच लिहिलं. मॅडमनी दवाखान्यातल्या दुसऱ्या पेशंटना बोलावून तिचा हात दाखवला. आक्का लाजली. घरी येताना रिक्षात म्हणाली, "त्या बाईला काय ठाव, मी हात वर करूनच म्हातारी झाले."

मे महिन्यात ऑपरेशन झालं आणि सगळं उलटं झालं. आता शिवलेली दोरी हाडाला धरेपर्यंत सहा आठवडे तिने स्वतःच्या ताकदीने हात उचलायचा नव्हता. अजिबात नाही. झोळीत, कमरेला उशी लावून बांधून ठेवायचा. पण हलवला नाही तर सांधा पुन्हा आखडणार. म्हणून तिने पलंगावर उताणं पडायचं, हात मेल्यासारखा सोडून द्यायचा, आणि दुसऱ्या माणसाने कोपराला आणि मनगटाला धरून तो सावकाश वर न्यायचा. वर दहा आकडे थांबायचं. मग खाली. असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. दर आठवड्याला थोडं पुढे. पहिले दिवस नव्वदाच्या आत, सहाव्या आठवड्यापर्यंत एकशे तीसच्या आसपास.

मॅडमनी हे मला आणि बायकोला, दोघांना शिकवलं. बायको म्हणाली, "सकाळचा मी करत जाईन. शाळेत मला दहाला जायचं असतं." ती एका शाळेत क्लार्क आहे.

मी म्हणालो, "नको. एकाच्याच हाताने झालेलं बरं. मापात फरक पडतो."

हे वाक्य मला आजही स्पष्ट ऐकू येतं. किती हुशारीचं होतं!

पहिले बारा दिवस मी नेमाने केलं, दुपारचाही, जेवणाच्या सुट्टीत घरी येऊन. आक्का पदराचा बोळा तोंडात धरायची आणि छताकडे बघायची. हात साठाच्या पुढे गेला की तिच्या डोळ्यांतून पाणी कानाकडे ओघळायचं. मी थांबलो की ती बोळा काढून म्हणायची, "थांबला का? ने की वर." मी न्यायचो. बाराव्या दिवशी दवाखान्यात मॅडमनी मोजलं आणि माझ्या तक्त्याशी ताडून बघितलं. पंच्याऐंशी. दोन्हीकडे पंच्याऐंशी.

"काका, तुमचं माप माझ्यापेक्षा पक्कं आहे," त्या म्हणाल्या. "एवढ्या उन्हात मावशींना दर आठवड्याला रिक्षाने हलवण्यापेक्षा असं करा, दर रविवारी मला तक्त्याचा फोटो पाठवा. काही वेगळं दिसलं तर मी बोलावीन. नाहीतर सहाव्या आठवड्याला डॉक्टरांसमोरच भेटू."

मला अभिमान वाटला.

त्याच आठवड्यात कारखान्यात ऑडिट लागलं. आम्ही ज्यांना माल देतो त्यांची माणसं येऊन कागद तपासतात. आमच्याकडे दर तासाला मापं घेऊन लिहायची असतात, आणि ती दर तासाला घेतली जात नाहीत. ऑडिटच्या आधी आम्ही बसून रिकामे रकाने भरतो. खोटा आकडा कसा लिहायचा याचं एक शास्त्र आहे. नवा माणूस सगळीकडे एकच आकडा लिहितो आणि पकडला जातो. जुना माणूस दोन वर, एक खाली, मध्येच एक काठावरचा असं लिहितो. एका ठिकाणी खाडाखोड करतो. पेन बदलतो. मी हे पोरांना शिकवलेलं आहे. चोवीस वर्षांत माझा एकही कागद पकडला गेला नाही.

ऑडिटच्या दिवसांत मी घरी उशिरा यायचो. एके दिवशी दुपारचा व्यायाम राहिला. संध्याकाळी चहा घेऊन मी तक्त्यासमोर उभा राहिलो. दुपारचा रकाना रिकामा दिसत होता. माझ्या हाताने लिहिलं: अठ्ठ्याऐंशी. मी ठरवून लिहिलं असं म्हणता येणार नाही. रिकामा रकाना दिसला की तो भरायचा, एवढंच हाताला माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळचा राहिला. तोही भरला. मग ऑडिट संपलं. रकाने भरणं संपलं नाही.

पुढे सगळं उघड झाल्यावर मी बायकोला सांगितलं की मला आक्काचं दुखणं बघवत नव्हतं. तिने ते मानलं. मीही काही दिवस मानलं. पण इथे खरं लिहायचं ठरवलंय, तर दुखणं हे कारण नव्हतं. कंटाळा हे कारण होतं. एका वेळेला वीस-पंचवीस मिनिटं जायची. दहा वेळा तेच, दहा आकडे तेच. मोबाइलवर मॅच चालू असायची. मी दिवसातून एकदा, कधी दोन दिवसांतून एकदा तिचा हात धरायचो, चार वेळा वरखाली करायचो, आणि ती कण्हली की लगेच म्हणायचो, "बास आज. जास्त ओढायला नको, टाका तुटेल." हे म्हणताना मला मी दयाळू वाटायचो.

आक्काला कळत नव्हतं असं नाही. ती चौथीपर्यंत शिकलेली, पण टोळीची हजेरी वीस वर्षं तिच्याच वहीत होती. फ्रिजमधून पाणी घेताना ती तक्त्याकडे बघायची.

"आज किती झाला रे माझा हात?" तिने एकदा विचारलं.

"एकशे पाच."

"अगं बाई! शंभरी ओलांडली." मग झोळीतल्या हाताकडे बघून म्हणाली, "ह्याला सांगितलं का?"

मी हसलो. तीही हसली. तिथेच तिने मला धरून बसवायला हवं होतं. पण तिला वाटलं असेल, भाऊ शिकलेला आहे, त्याला माहीत असेल किती पुरे. की वाटलं असेल, भावाच्या घरी पडून आहे, त्याच्या बायकोच्या हातचं खातेय, वर त्याच्याकडे रोज तासभर काय मागू? यातलं दुसरं खरं असावं. कारण बायको एकदा म्हणाली, "आक्का, मी करू का थोडं?" तेव्हा ती पटकन म्हणाली, "झालंय गं. सकाळीच केलं त्यानं." झालेलं नव्हतं.

दर रविवारी मी तक्त्याचा फोटो मॅडमना पाठवायचो. चौथ्या आठवड्यात मी मुद्दाम दोन दिवस आकडा पाचने खाली आणला आणि शेऱ्यात लिहिलं, "दुखणे जास्त, बर्फ लावला." मॅडमचं उत्तर आलं: "खूप छान नोंद ठेवता काका. असे दिवस येतातच. चालू ठेवा." सहाव्या आठवड्याच्या शेवटच्या ओळीत एकशे अठ्ठावीस लिहिलं. एकशे तीस लिहिलं नाही. पूर्ण आकडा संशयास्पद दिसतो.

दवाखान्यात जायच्या दिवशी मला भीती वाटत नव्हती, हे कुणाला खरं वाटणार नाही. मला कुठेतरी वाटत होतं की कागदावर आहे म्हणजे हातातही थोडंफार असेलच. कारखान्यात असंच होतं. माप न घेता लिहिलेला पार्टही बहुतेक वेळा बरोबरच निघतो. कारण मशीन आपलं काम करत असते.

मॅडमनी झोळी काढली. आक्काला झोपवलं, हात धरला, वर नेला. सत्तरावर तो थांबला. दाराला आतून कडी लावल्यासारखा थांबला. मॅडमनी थोडा जोर दिला. आक्काचं सगळं अंगच हाताबरोबर उचललं गेलं.

मॅडमनी पट्टी लावली. तक्ता हातात घेतला. पुन्हा पट्टी लावली.

"काका, रविवारी एकशे अठ्ठावीस होता?"

मी तक्त्याच्या शेवटच्या ओळीकडे बघितलं.

"मावशी, तीन दिवसांत काय झालं? हात एकदम एवढा कसा धरला?" त्यांचा आवाज बदलला होता. "पडलात का कुठे? झटका बसला? खरं सांगा हं. टाका तुटला असेल तर लगेच बघावं लागेल."

तीन दिवसांत काहीच झालं नव्हतं. झालं होतं ते चार आठवड्यांत, आणि ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. मॅडम, आकडे माझे आहेत, हाताचे नाहीत. वाक्य तोंडात तयार होतं. मी आक्काकडे बघितलं. ती माझ्याकडेच बघत होती. लहानपणी मी काही फोडलं की आई विचारायला यायच्या आत ती माझ्याकडे असं बघायची.

"घसरले मी," आक्का म्हणाली. "बाथरूममधी. परवा. ह्या हातावर रेटा आला. सांगितलं नाय कुणाला. भाऊ रागवल म्हणून."

मॅडम डॉक्टरांना बोलवायला धावल्या. खोलीत आम्ही दोघंच उरलो. मला बोलायला पूर्ण दोन मिनिटं मिळाली होती. मी आक्काला म्हणालो, "अगं, असं कशाला..."

"गप," ती म्हणाली. "तुझ्या पोरीवाणी बाई ती. तिच्यासमोर मान खाली घालशील काय?"

मी गप्प बसलो. त्या दिवशी जे झालं त्यात हे सगळ्यांत वाईट. व्यायाम चुकवला तो आळस होता, आकडे लिहिले ती सवय होती. पण गप्प बसलो तेव्हा मी पूर्ण जागा होतो.

कारण त्या खोट्याचा परिणाम तिथल्या तिथे सुरू झाला. हात आखडलाय एवढंच त्यांना कळलं असतं, तर त्यांनी त्याच दिवसापासून तो जोराने मोकळा करायला घेतला असता. पण चांगला चाललेला हात पडल्यावर अचानक अडकला, असं ऐकून डॉक्टरांना टाका तुटल्याची शंका आली. हात पुन्हा झोळीत गेला. व्यायाम पूर्ण बंद. एमआरआयची तारीख पाच दिवसांनी मिळाली, रिपोर्ट आला, डॉक्टर तेव्हा परगावी होते. सगळं मिळून सतरा दिवस. रिपोर्टमध्ये टाका शाबूत होता. तो उत्तम धरला होता. डॉक्टरांचं काम त्यांनी चोख केलं होतं.

"मग अडकला कशाने?" डॉक्टर स्वतःशीच म्हणाले. "असो. आता मेहनत घ्या मावशी."

आक्काने घेतली. मॅडम दिवसाआड घरी यायच्या. बायकोने शाळेत रजा टाकली आणि सकाळचा व्यायाम ती करायला लागली. या वेळी मी मध्ये आलो नाही. कप्पीची दोरी पुन्हा बांधली, पण आता आक्का शिव्या देत नव्हती. जुलै गेला, ऑगस्ट गेला. सत्तराचे पंच्याऐंशी झाले, पंच्याऐंशीवर हात रुतून बसला. गणपती गेल्यावर एकदा मॅडम पट्टी खाली ठेवून म्हणाल्या, "मावशी, आता फार काही होईल असं वाटत नाही."

"दिवाळीपर्यंत?"

मॅडमनी नकारार्थी मान हलवली.

आक्काने विचारलं, "मग कशापायी आले मी तुमच्याकडं?"  मॅडम रिकाम्या झालेल्या चहाच्या कपात बघत बसल्या, आणि मी समोर खुर्चीवर.

आक्का गावी परत गेली. छाटण्या झाल्या, घड धरले, थिनिंग सुरू झालं. मला राहवेना म्हणून मी एका रविवारी गेलो. घराला कुलूप होतं. बागेत गेलो. टोळी आत मांडवाखाली होती, आणि आक्का मांडवाबाहेर, पाण्याच्या ड्रमजवळ बसून कात्र्या पुसत होती. पहिल्या ओळीत दुसरी एक बाई होती. इतकी वर्षं आक्काच्या मागच्या ओळीत असायची ती. तिची ओळ संपली आणि सगळ्या पाणी प्यायला आल्या. आक्का उठून डाव्या हाताने, डब्याने ड्रममधलं पाणी काढून द्यायला लागली.

"आलं का भाऊराया?" एक म्हातारी म्हणाली. "आरं, तुमच्या शहरातल्या फरशा लय गुळगुळीत का रं? आमची मुकादम पाडली ना!"

दुसरी म्हणाली, "फरशीला कशाला बोल लावते? आक्काचाच तोल गेला. पोळ्या खाऊन खाऊन सुस्तावली भावाच्या घरी."

सगळ्या हसल्या. आक्का सगळ्यांत मोठ्याने हसली. "व्हय बाई. भावजयीनं लय तूप चारलं."

पहिल्या ओळीतली बाई मात्र हसली नाही. आक्काच्या हातातला डबा घेऊन तिने स्वतः पाणी काढून घेतलं, आणि जाताना माझ्याकडे एकदा बघितलं.

तिथून परत येताना बसमध्ये मी ठरवलं. दुसऱ्या दिवशी अर्धी सुट्टी टाकून मॅडमच्या दवाखान्यात गेलो आणि सगळं सांगितलं. रिकाम्या रकान्यापासून मुद्दाम कमी केलेल्या आकड्यांपर्यंत.  मला वाटलं होतं त्या रागावतील. रागावल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं.

"मी तुमचा तक्ता इथे पेशंटना नमुना म्हणून दाखवत होते," त्या म्हणाल्या. "रिपोर्टमध्ये टाका शाबूत निघाला तेव्हा मी घरी जाऊन माझी सगळी पुस्तकं काढली. मला वाटलं माझं काहीतरी चुकलं. डॉक्टरांनाही तेच वाटलं. मला काही म्हणाले नाहीत, पण नंतर दोन महिने त्यांनी माझ्याकडे खांद्याचा पेशंट पाठवला नाही."

"माझी चूक झाली, मॅडम."

"हो," त्या म्हणाल्या. मग टेबलावरचं पेन सरळ करून ठेवलं. "हे मला डॉक्टरांना सांगावं लागेल. कारण आता हिशेब बदलतो. अडकण्याचं कारण कळत नव्हतं, म्हणून ते पुन्हा दुर्बीण घालायला तयार नव्हते. टाका चांगला आहे आणि फक्त आखडलाय, तर दुर्बिणीतून तो मोकळा करता येतो. पण त्यानंतर पहिल्या दिवसापासून कुणीतरी रोज हात वर न्यायला लागेल. खरोखर न्यायला लागेल, काका."

डॉक्टरांशी बोलून त्यांनी आक्काला फोन केला. डॉक्टरांनी काय सुचवलंय ते सांगितलं, आणि ते का आत्ता सुचवलं, तेही सांगितलं. सांगणं भागच होतं.

मी शनिवारी गेलो तेव्हा आक्का ओट्यावर गहू निवडत होती, डाव्या हाताने. मला वाटलं होतं ती आता मला माफ करील. खरं सांगायचं तर मी त्यासाठीच गेलो होतो.

"कुणी सांगितलं होतं तुला सांगायला?" तिने वर न बघता विचारलं.

"आक्का, मला राहवलं नाही."

"तुला राहवलं नाय." तिने एक खडा उचलून अंगणात टाकला. "मी घसरले म्हणाले. माझ्या तोंडानं म्हणाले. गावात पण तेच सांगितलं, टोळीत सांगितलं. इतके दिवस लोकांनी मला येंधळी म्हणलं, मी ऐकून घेतलं. आता ती पोरगी मला फोनवर म्हणते, मावशी तुम्ही खोटं का बोललात? तव्हा तुला तोंड नव्हतं. हात वर जायचा होता तव्हा नव्हतं. आता सगळं झाल्यावर फुटलं व्हय? तू मोकळा झाला. मी काय झाले?"

मी ओट्याच्या कडेला बसलो.

"ऑपरेशन करणार हाय मी," ती म्हणाली. "औंदाचं गेलं. पुढल्या हंगामाला बघू."

"मग ऑपरेशननंतर घरी ये. मी रजा घेतो. सगळं..."

"तुझ्या घरी नाय येणार."

एवढंच. आवाज चढवला नाही. गव्हाचं सूप गुडघ्यावर घेऊन ती निवडत राहिली आणि थोड्या वेळाने म्हणाली, "चहा ठेव. दूध फडताळात हाय."

ते दुसरं ऑपरेशन थिनिंग उरकल्यावर झालं. दवाखान्यातून ती थेट गावी गेली. टोळीतली ती पहिल्या ओळीतली बाई, जिच्याकडे आता मुकादमी आहे, ती सकाळी कामाला जाण्याआधी, दुपारच्या सुट्टीत आणि संध्याकाळी हात वर न्यायला येते. मॅडमनी तिला एकदाच दाखवलं. तिने तक्ता घेतला नाही. म्हणाली, "वर जाईल तव्हा दिसंलच की."

मी दर रविवारी जातो. तिच्या येण्याच्या वेळेला आक्का मला बाहेर बसवते आणि दार लोटून घेते. हात कुठवर आला हे मला कुणी सांगत नाही, आणि मी विचारत नाही. मी ओट्यावर बसून असतो. आतून आक्काचा आवाज येतो, आधी हळू, मग तोंड दाबल्यासारखा, मग सरळ ओरडल्यासारखा. माझे हात आपोआप उठतात, दार ढकलून थांब म्हणायला. आत ती बाई आकडे मोजत असते. मध्ये कुठेही थांबत नाही. दहापर्यंत मोजते.